संगणकातलं विरार

डहाणू रोड स्टेशनजवळच्या बाजारात एक दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, सातबाऱ्याची प्रिंट, नोकरीचे ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. तिथला संगणक सुरू केला की आधी काळा पडदा येतो आणि त्यावर दोन नावं दिसतात. वर उबुंटू, खाली विंडोज. संगणक दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुणी काही दाबलं नाही, तर वरचं नाव आपोआप निवडलं जातं. पण ते दहा सेकंद पुरे झालेले मी कधी पाहिले नाहीत. तलासरीहून जीपने येणारा, दुकान सांभाळणारा मुलगा एका हाताने शटरची कुलपं खिळ्याला अडकवत दुसऱ्या हाताने खालचा बाण दाबतो आणि एंटर मारतो.

“मग ते उबुंटू ठेवलंस कशाला?” मी एकदा विचारलं.

“कॉलेजात होतो तेव्हा मीच टाकलं, काका. मशीन पळतं त्यात, व्हायरसची कटकट नाही. पण पत्रिकेचं काम त्यात नाही जमत. आणि विंडोज आहेच की.”

‘विंडोज आहेच की.’ या तीन शब्दांवर संगणकाच्या दुनियेत पंचवीस-तीस वर्षं वाद चालू आहे. एका गटाचं म्हणणं असं, की ज्याच्या यंत्रावर दोन्ही प्रणाली आहेत तो अडला की विंडोजकडे जाणार. मग उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींसाठी मुद्दाम सॉफ्टवेअर लिहायचं तरी कुणासाठी? दुसरा गट म्हणतो, ही सोय नसती तर या मुलानं उबुंटू उघडून पाहिलंच नसतं. दोन्ही बाजू ऐकताना पटतात, हीच पंचाईत. निवाडा करायचा तर आधी त्या काळ्या पडद्यामागे काय चालतं ते कळायला हवं.

दोन विजांचं इंजिन

डहाणूकरांना ही गोष्ट रेल्वेवरून लगेच समजेल. वर्षानुवर्षं पश्चिम रेल्वेवर विरार ही विजेची सरहद्द होती. चर्चगेटपासून विरारपर्यंत तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज, आणि विरारच्या उत्तरेला, म्हणजे पालघर, डहाणू, पुढे सुरत-बडोद्याकडे, २५,००० व्होल्टची एसी. मुंबईची लोकल विरारच्या पुढे येऊ शकत नसे, त्यामागचं एक मोठं कारण हेच. मग मुंबईहून गुजरातेत जाणाऱ्या गाड्यांचं काय? त्यांच्यासाठी १९७०च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूसीएएम-१ नावाचं इंजिन तयार झालं. त्याच्या पोटात दोन्ही विजांची यंत्रणा होती. डीसीवर चालताना त्याचा जोर कमी पडे, एसीवर ते मोकळं धावे.

यातला पाहण्यासारखा भाग म्हणजे दोन विजांच्या मधला तुकडा. एका तारेतली वीज दुसरीत मिसळू नये म्हणून मध्ये थोडं अंतर तार असूनही वीज नसे. तिथे चालक यंत्रणा बंद करी, गाडी आधीच्या वेगावर नुसती घसरत पुढे जाई आणि पलीकडे गेल्यावर दुसरी यंत्रणा जोडली जाई.

दुकानातला संगणक म्हणजे हेच इंजिन. एका पोटात दोन यंत्रणा असल्या तरी एका वेळी एकच चालते, आणि एकीतून दुसरीत जाताना मधला निर्जीव तुकडा पार करावा लागतो. संगणकात त्या तुकड्याला ‘रीस्टार्ट’ म्हणतात. उघड्या फायली जतन करायच्या, सगळं बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि नव्या प्रणालीत पुन्हा सगळं मांडायचं. हा तुकडा किरकोळ वाटतो. पण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच फिरणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवा.

बटण दाबल्यावर

संगणकाला वीज मिळते तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. कळफलक कुठला, फायली कुठे, पडद्यावर अक्षर कसं काढायचं, हे सगळं सांगणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली, बोलीभाषेत ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही त्यांची नावं. पण हा कारभारी झोपलेला असतो डिस्कवर, आणि त्याला उठवायला आधी कुणीतरी जागं असावं लागतं.

ते काम मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम करतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचायचा. हा तुकडा ५१२ बाइटचा, म्हणजे इंग्रजीतल्या ५१२ अक्षरांएवढा, आणि त्यातलीही ४४६ बाइटच जागा खरी कामाची. एवढ्याशा जागेत कारभारी मावत नाही, त्याचा पत्ता तेवढा मावतो. तो पत्ता सांगणाऱ्या प्रोग्रामला बूट लोडर म्हणतात. नव्या पद्धतीत जागेची ही चणचण राहिली नाही, तत्त्व मात्र तेच आहे.

डिस्कचे भाग पाडून एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स ठेवलं आणि बूट लोडरला दोघांचेही पत्ते दिले, की झाला ड्युअल बूट. ते दोन ओळींचं दार बहुतेक लिनक्समध्ये ‘ग्रब’ नावाचा बूट लोडर उभं करतो.

मात्र दारावर पाटी कोणाची, यावरून मोठी भांडणं झाली आहेत. १९९०च्या दशकाच्या शेवटी बीओएस नावाची एक देखणी प्रणाली होती. जपानच्या हिताची कंपनीने काही संगणकांवर ती विंडोजच्या शेजारी भरून विकली, पण सुरू होताना निवडीचा पडदाच येत नसे. प्रणाली डिस्कवर होती, ग्राहकाला तिचा पत्ता नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे असं झालं, असा दावा करत बीओएस बनवणाऱ्या बी कंपनीने २००२ साली खटला भरला. २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर घेऊन तो मिटला. तोवर कंपनीच संपली होती. त्यामुळे ‘ड्युअल बूटने बीओएसला मारलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगावं, की बीओएसला ड्युअल बूट धड मिळालाच नाही.

घरचं सॉफ्टवेअर

आता दुसरी संज्ञा. एखाद्या प्रणालीसाठीच लिहिलेल्या सॉफ्टवेअरला नेटिव्ह म्हणतात. आपण त्याला घरचं म्हणू. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायची वेळ आली की साखर कुठल्या डब्यात, काडेपेटी कुठे, इथपासून सुरुवात होते. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. फाइल उघडायची, पडद्यावर चौकट काढायची, प्रिंटरला कागद धाडायचा, अशा प्रत्येक गोष्टीसाठी ते कारभाऱ्याला हाक मारतं, आणि प्रत्येक कारभाऱ्याच्या हाका वेगळ्या. विंडोजच्या हाका मारणारं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये नेलं तर तिथे त्याच्या हाकेला ओ देणारं कुणी नसतं.

घरचं असण्यात नेमका काय फायदा, हे डहाणू तालुक्याला वेगळं समजवायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, ते एका साध्या विचारावर उभं होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, ती त्याच विचारातून. ड्युअल बूट म्हणजे मुलाला दर वेळी पाड्यावरून उठून लांबच्या शाळेत धाडणं. घरचं सॉफ्टवेअर म्हणजे अंगणवाडी.

‘आहेच की’चा हिशेब

भीती बाळगणाऱ्या गटाचा युक्तिवाद आकड्यांत मांडून पाहू. आकडे कल्पनेतले आहेत. समजा, लग्नपत्रिका बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, किंमत ५,००० रुपये. गिऱ्हाईक १,००० दुकानं. त्यांतली ९५० फक्त विंडोजवाली, ४० दोन्ही प्रणालीवाली आणि १० फक्त लिनक्सवाली.

कंपनीने फक्त विंडोजची आवृत्ती काढली तर ती ९९० दुकानांत खपते, कारण दोन्हीवाले ४० जण रीस्टार्ट करून का होईना, तीच घेतात. आता लिनक्सची आवृत्तीही काढली, तर नवी गिऱ्हाइकं मिळतात फक्त १०, म्हणजे ५०,००० रुपये. ती आवृत्ती लिहायचा खर्च दोन लाख असेल तर मालक ते का करील? त्या ४० जणांकडे विंडोज नसतं, तर नवी गिऱ्हाइकं ५० झाली असती आणि अडीच लाख आले असते. धंदा जमला असता. म्हणजे त्या ४० जणांच्या यंत्रावरची विंडोज त्यांना स्वतःला सोयीची असली, तरी उरलेल्या दहांना महागात पडते.

हिशेबातला दुसरा पेच मोजणीचा. कुठल्या प्रणालीचे किती लोक आहेत, हे बहुतेक वेळा वेबसाइटना भेट देणाऱ्या ब्राउझरवरून मोजतात. जगभरच्या डेस्कटॉप संगणकांत लिनक्सचा वाटा अशा मोजणीत २०२४ मध्ये चार टक्क्यांच्या आसपास आला. पण आपला तलासरीचा मुलगा दिवसभर विंडोजमधून फॉर्म भरतो, म्हणजे तो विंडोजवाला मोजला जातो. त्याने संगणक घेतला तेव्हा विंडोजचा परवाना त्यासोबतच आला होता, म्हणजे विक्रीच्या वहीतही तो विंडोजवाला. त्याच्या डिस्कच्या दुसऱ्या भागात काय नांदतंय, याची नोंद कुठेच नाही.

आणि तिसरा पेच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो तक्रार करत नाही. सॉफ्टवेअरच्या दुनियेत तक्रार हीच मागणी असते. ज्याला दुसरा रस्ता नाही तो आरडाओरडा करतो, पत्रं लिहितो, जमलं तर स्वतः दुरुस्ती करून पाठवतो. ज्याला रस्ता आहे तो रीस्टार्ट करतो आणि गप्प बसतो.

या गप्प बसण्याची उलट बाजू लिनक्सच्या जन्मकथेतच आहे. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स आपली नवी प्रणाली लिहीत होता, पण ती लिहायला, तपासायला शेजारी मिनिक्स ही दुसरी प्रणाली लागत होती. संगणक एक, प्रणाली दोन. एकदा मोडेमला पाठवायची आज्ञा त्याने चुकून डिस्कलाच पाठवली आणि मिनिक्सचा भाग खराब करून टाकला. हे त्यानेच पुढे सांगितलं आहे. मिनिक्स पुन्हा भरता आली असती. त्याने ठरवलं, आता आपल्या प्रणालीतच राहायचं आणि त्यात जे नाही ते लिहायचं. दुसरं दार बंद झालं, आणि घरात चूल पेटली.

दार बंद करून भागतं का?

लिनसची गोष्ट ऐकून वाटेल, की भिणाऱ्यांचंच बरोबर. काढून टाका ते दुसरं दार. पण हा प्रयोग एकदा खरोखर झाला आहे, आणि त्याचा निकाल वेगळा लागला.

२००६ मध्ये ॲपलने आपल्या मॅक संगणकांत इंटेलच्या चिप घालायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बूट कॅम्प नावाची सोय आणली. आता मॅकवर विंडोज रीतसर बसवता येऊ लागली. लगेच भाकितं झाली. आता मॅकसाठी कोण लिहील? विंडोजमध्ये जा म्हणतील. झालं काय? २००७ मध्ये अडोबीने नव्या मॅकसाठी घरचं फोटोशॉप आणलं. २०१० मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम हे खेळांचं दुकान मॅकवर आलं. आणि त्याच वर्षी ऑटोकॅड, ज्याने १९९२ नंतर मॅक सोडलं होतं, ते परत आलं. इंजिनिअर आणि वास्तुविशारद हे तर ड्युअल बूटचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठीसुद्धा कंपनीला घरची आवृत्ती परवडली, कारण मॅक वापरणारे वाढत होते.

खेळांचं मात्र तसं झालं नाही. काही मोठे खेळ आले, बरेच आलेच नाहीत, आणि खेळणारे बूट कॅम्पमधून विंडोजमध्ये जात राहिले. मग नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम-१ चिपचे मॅक आणले आणि त्यांवर बूट कॅम्प चालेना. दार बंद. आता मॅकसाठी खेळांचा पूर यायला हवा होता. तो आला नाही. काही नावं आली, आणि २०२३ मध्ये ॲपललाच विंडोजचे खेळ मॅकवर आणायला मदत करणारं साधन काढावं लागलं.

म्हणजे दार उघडं होतं तेव्हा ऑटोकॅड आलं, आणि दार बंद झालं तेव्हा खेळ आले नाहीत. दार हे कारण दुय्यम दिसतं. मुख्य कारण, घरात माणसं किती आणि ती कशासाठी आली आहेत.

खेळ आणि बाकी सॉफ्टवेअर यांत हा फरक का पडावा? इथे तो निर्जीव तुकडा कामाला येतो. खेळ हे एकट्याचं आणि लांब बैठकीचं काम आहे. तीन तास खेळायचं असेल तर तीन मिनिटांचा रीस्टार्ट कुणाला जाचत नाही. पण पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर, फोटोवर जरा हात फिरवणं, ही कामं एकमेकांत गुंतलेली असतात. एक मेल वाचायला कुणी अख्खा संगणक बंद करून उघडत नाही. म्हणून अशा कामांची घरची सॉफ्टवेअरं प्रत्येक प्रणालीला मिळतातच. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी लिनक्सवर मुक्कामाला आहेत त्यामागे हेही एक कारण आहे. ड्युअल बूटची झळ पोचते ती फक्त लांब बैठकीच्या, एकट्याने करायच्या कामांना.

तुकडा नाहीसा झाला तर

रीस्टार्टचा त्रास म्हणजे एका अर्थी कुंपण आहे, ते घरच्या सॉफ्टवेअरला राखतं. कुंपणच काढलं तर काय होतं, हे आयबीएमने दाखवलं. १९९२ मध्ये तिच्या ओएस/२ या प्रणालीची नवी आवृत्ती बाजारात आली, ती विंडोजचे प्रोग्राम स्वतःच्याच आत, रीस्टार्ट न करता चालवून दाखवी. विंडोजपेक्षा चांगली विंडोज, असाच तिचा डौल होता. ग्राहक खूश झाला. लिहिणाऱ्यांनी मात्र साधा विचार केला. एकदा विंडोजसाठी लिहिलं की ओएस/२वालेही आपसूक मिळतात, मग ओएस/२साठी वेगळं कशाला? पुढे विंडोज ९५ आली, तिच्यासाठी लिहिलेले नवे प्रोग्राम ओएस/२ला पेलले नाहीत, आणि घरचं काही शिल्लक नव्हतं. आयबीएमचं विपणन, किमती, मायक्रोसॉफ्टची ताकद ही कारणंही होती. पण घरची चूल विझली होती हे खरं.

आज लिनक्सवर वाइन नावाचा दुभाषा आहे, १९९३ पासूनचा. विंडोजच्या हाका तो लिनक्सच्या हाकांत फिरवून देतो. त्याच्या आधाराने व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन काढलं आणि हजारो विंडोज खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२० मध्ये रॉकेट लीग या खेळाच्या कर्त्यांनी मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या बंद केल्या. दोन्ही मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांहून कमी आहेत, असं कारण दिलं, आणि लिनक्सवाल्यांना वाइन, प्रोटॉन हे पर्याय सुचवले. ‘आहेच की’चाच हा नवा अवतार. खेळणाऱ्याचं त्यात नुकसान झालं का? फारसं नाही. पण घरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला या दुभाष्याचं भय ड्युअल बूटपेक्षा जास्त असायला हवं.

पत्रिकेचा गुंता

परत डहाणूच्या दुकानात येऊ. ‘पत्रिकेचं काम त्यात नाही जमत’ यातलं न जमणं नेमकं कुठे आहे? मी त्याच्या खांद्यावरून बघत राहिलो. गाठ अक्षरांतच आहे.

मराठी डीटीपीची घडी बसली ती युनिकोड रुळायच्या आधी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती, यांनी त्या काळात मराठी छपाई संगणकावर आणली, आणि दुसरं काही हाताशी नसताना आणली. पद्धत अशी होती, की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, फाँट ते मराठी दाखवायचा. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी. जुन्या मोडी दप्तरासारखंच ते, कागद हातात आहे पण वाचणारा हवा. दुकानात अशा शेकडो पत्रिका साठवलेल्या आहेत. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “मोठ्या भावाच्या लग्नात केली होती तीच, फक्त नाव-तारीख बदल.” ती फाइल उघडते विंडोजमध्ये.

युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, कुठल्याही प्रणालीवर तोच. पण क्रमांक असून भागत नाही. ‘दऱ्या’तला ऱ, ‘कार्या’तला रफार, ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटीची जागा, ही मांडणी जमवणारं इंजिन सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. लिनक्सवर पानं जुळवण्यासाठी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर २००३ पासून पूर्ण रूपात मिळतं, पण देवनागरी त्याला बरीच वर्षं नीट जुळवता येत नव्हती. ती अडचण सुटली ती ओमानमधल्या एका गटामुळे. त्यांना अरबी हवी होती. अरबी अक्षरंही शेजार पाहून रूप बदलतात, म्हणून त्यांनी केलेल्या कामात देवनागरीचंही साधलं. सर्वसामान्यांसाठी ते स्थिर आवृत्तीत आलं २०२४ च्या सुरुवातीला, १.६ मध्ये.

मला यात जरा लाज वाटली, कबूल करतो. डीटीपी करणारी मराठी माणसं गावोगावी आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या यंत्रावर कधी ना कधी लिनक्स आलं असेल. काम अडलं, त्यांनी खालचा बाण दाबला. ओमानच्या माणसाकडे दाबायला बाण होता की नाही, ठाऊक नाही, पण त्याने लिहायला घेतलं.

| चौकट: कशाला किती धोका? |
|---|
| रोजची मिसळलेली कामं (ब्राउझर, पत्रं, छोटे हिशेब): ड्युअल बूटचा धोका जवळजवळ नाही. रीस्टार्टचा त्रासच घरच्या सॉफ्टवेअरला राखतो. |
| लांब बैठकीची, एकट्याची कामं (खेळ, पत्रिका, पुस्तकांची मांडणी): धोका खरा आहे. रीस्टार्ट करून भागतं, म्हणून मागणी दिसत नाही. |
| दुभाषा सॉफ्टवेअर (वाइन, प्रोटॉन): सोय सर्वांत जास्त, घरच्या आवृत्तीला धोकाही सर्वांत जास्त. |
| प्रणालीत माणसं वाढत असतील तर: वरचे तिन्ही धोके उतरतात. मॅकवर परतलेलं ऑटोकॅड हा पुरावा. |

तीन शाळा

सरकारं जेव्हा हजारोंनी संगणक वाटतात तेव्हा हा प्रश्न एका दुकानाचा राहत नाही.

तामिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, त्यांवर विंडोज आणि सी-डॅकची बॉस लिनक्स अशा दोन्ही प्रणाली होत्या. केरळने दुसरी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांत लिनक्सच, दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच. २०१९ पर्यंत अशा शाळांतले दोन लाखांवर संगणक त्यावर चालत होते. पण केरळने नुसतं दार बंद केलं नाही. शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याप्रमाणे लिहिली, आणि स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगसारखे गट मल्याळम फाँट, कळफलक घडवत राहिले. मल्याळममधली घरची साधनं आज भारतीय भाषांत उठून दिसतात.

आपल्याकडे रायगडच्या कर्जत तालुक्यात खैराट धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांवर लिनक्स आणि तिच्यावर शुगर ही मुलांसाठी मुद्दाम घडवलेली पडद्यावरची मांडणी. सगळं घरचं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने या लॅपटॉपवर विंडोज एक्सपी आणायचं ठरवलं, दोन्ही शेजारी ठेवायची भाषा झाली. लॅपटॉपमधली साठवण अवघी एक जीबी, एक्सपीला त्याहून जास्त लागे, त्यासाठी वेगळं कार्ड घालावं लागणार होतं. शुगरची धुरा वाहणारे वॉल्टर बेंडर २००८ च्या एप्रिलमध्ये मोहिमेतून बाहेर पडले आणि त्यांनी शुगर लॅब्स काढली. दोन प्रणालींचा एक्सओ पुढे फारसा चालला नाही, शुगर मात्र आजही जिवंत आहे. दार उघडायची भीती खरी ठरली नाही. शुगर टिकली ती तिच्यासाठी लिहिणारे राहिले म्हणून.

खिरणीवरचा चिकू

घोलवड-बोर्डीकडे चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी चिवट, मुळं खोल, म्हणून चिकू तिच्या जिवावर उभा राहतो. खुंट नको म्हणून चिकूची फांदी नुसती जमिनीत खोचली तर ती वाळेल. पण प्रत्येक वाडीवाल्याला हेही ठाऊक असतं, की खुंटाला फुटणारे कोंब वेळच्या वेळी काढावे लागतात. नाही काढले तर खिरणीच वर येते आणि चिकू मरतो.

ड्युअल बूटला धोका म्हणायचं की आधार, याचं माझं उत्तर एवढंच आहे. लिनक्सपर्यंत पोचलेली बहुतेक माणसं विंडोजच्या खुंटावरूनच पोचली. माझ्या हिशेबातले ते ४० दुकानदार विंडोज काढून टाकायची सक्ती झाली असती तर लिनक्सवाले झाले नसते, ९५० मध्ये जाऊन मिळाले असते. म्हणून ते अडीच लाख मुळात कधी नव्हतेच. खुंट ठेवावा. कोंब मात्र मोजत राहावेत.

रेल्वेनेही तेच केलं. डब्ल्यूसीएएमसारखी दुहेरी इंजिनं आहेत म्हणून तारा बदलायचं काम तिने सोडून दिलं नाही. टप्प्याटप्प्याने डीसी काढून फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत एसी झाली, आणि एप्रिल २०१३ मध्ये डहाणूला लोकल आली.

ज्यांच्या यंत्रावर दोन ओळींचा तो काळा पडदा येतो, त्यांना एक विनंती. संगणकाशेजारी एक कोरा कागद चिकटवा. दर वेळी खालचा बाण दाबाल तेव्हा का दाबला ते दोन शब्दांत लिहा. जुनी फाइल, बोटांच्या ठशांचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, ऱ तुटतोय, काय असेल ते. महिन्याने ज्या कारणापुढे सर्वांत जास्त रेघा असतील ते त्या सॉफ्टवेअरच्या तक्रारवहीत नोंदवा. स्क्रायबस, इंकस्केप, लिब्रेऑफिस, सगळ्यांच्या अशा वह्या उघड्या आहेत आणि नोंद करायला पैसे पडत नाहीत. डहाणूच्या दुकानात तो कागद लागला आहे. पहिल्या आठवड्यात त्यावर अकरा रेघा होत्या, त्यांतल्या नऊ जुन्या पत्रिकांच्या.